‘दिसतंय की नीट’ हा पुरावा नव्हे

मधुमेहावरची व्याख्यानं आता तालुक्याच्या गावीसुद्धा होतात आणि सभागृह भरतं. आहार, वजन, चालणं याबद्दल लोक वही-पेन घेऊन ऐकतात, घरी जाऊन करूनही बघतात. ज्यांनी ही जागृती घडवली त्यांना तिचं श्रेय दिलंच पाहिजे. पण या सभांमागून मोबाइलवर जे निरोप फिरतात, त्यांच्यातून एक युक्तिवाद मूळ धरू लागला आहे. तो असा: मधुमेहात डोळे बिघडतात ते शुगर वाढल्याने. शुगर उतरवली की डोळे आपोआप वाचतात. ज्याला नीट दिसतं त्याने बाहुलीत थेंब घालून पडदा तपासून घ्यायची गरज नाही. आणि एकदा का पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलात, की आधी लेझर, मग इंजेक्शनं, मग ऑपरेशन. पैसा जातो आणि शेवटी डोळाही जातो.

हे बोलणारी माणसं अडाणी नसतात. निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, क्वचित स्वतः डॉक्टरसुद्धा हे बोलतात. त्यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे, म्हणून पुढची तिन्ही वाक्यं खपून जातात. मला ती एकेक करून खोडायची आहेत, कारण हे ऐकून जो माणूस वर्षाची तपासणी टाळतो त्याला आपण काय टाळलं हे कळतं तेव्हा बहुतेक वेळा एक डोळा गेलेला असतो.

सुरुवात ‘दिसतंय की नीट’पासून करू. डोळ्याच्या आतल्या बाजूला जो पातळ पडदा असतो, त्याला केसाहून बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली की या वाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात. भिंती जागोजागी फुगतात, त्यांतून रक्त आणि चरबीयुक्त पाणी झिरपतं. काही वाहिन्या बंद पडतात. ज्या भागाला रक्त मिळेनासं होतं तो भाग रसायनं सोडून नव्या वाहिन्यांची मागणी करतो आणि नव्या वाहिन्या उगवतात, पण त्या इतक्या कच्च्या असतात की एखाद्या सकाळी उठता उठता फुटतात. मग डोळ्यासमोर काळे धागे, जाळी, आणि थोड्या वेळात सगळंच लाल-काळं. पुढे त्या वाहिन्यांबरोबर वाढलेलं व्रणासारखं ऊतक आवळत जातं आणि पडदा जागेवरून ओढून काढतं.

यातला शेवटचा टप्पा सोडला तर रुग्णाला काही जाणवतंच असं नाही. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. अक्षरांचा तक्ता वाचताना आपण पडद्याचा फक्त मधला, टाचणीच्या डोक्याएवढा भाग वापरतो. बाकीच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके पडलेले असोत, कच्च्या वाहिन्या उगवलेल्या असोत, मधला भाग कोरडा आहे तोवर माणूस शेवटची ओळ घडाघडा वाचतो. शेवटची ओळ वाचता येणं आणि डोळा धोक्याबाहेर असणं यांचा मधुमेहात काही संबंध नाही. उलटही घडतं: शुगर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं, चष्म्याचा नंबर बदलतो, आणि माणूस वर्षात दोनदा नवा चष्मा करून ‘डोळ्यांची तपासणी झाली’ असं समजतो. चष्म्याच्या दुकानातलं यंत्र नंबर मोजतं. तपासणाऱ्याने पडद्याकडे पाहिलेलंच नसतं, आणि ते त्याचं कामही नाही.

ब्रिटनमध्ये टाइप २ मधुमेहाचा जो मोठा अभ्यास झाला, ज्याचे निष्कर्ष १९९८ साली आले, त्यात नुकतंच निदान झालेल्या रुग्णांचे पडदे तपासले होते. पुरुषांत ३९ टक्के आणि स्त्रियांत ३५ टक्के लोकांच्या पडद्यावर आधीच खुणा होत्या. म्हणजे ज्या दिवशी डॉक्टरांनी ‘तुम्हाला शुगर आहे’ असं सांगितलं, त्या दिवशी तिघांतल्या एकाचा पडदा आधीच बिघडू लागला होता. यातल्या बहुतेकांचा बिघाड सौम्य होता हे खरं. पण म्हणूनच टाइप २ मधुमेहाचं निदान झाल्याबरोबर पहिली पडदा-तपासणी करायची आणि पुढे साधारण दरवर्षी, असं जगभरचे नियम सांगतात. टाइप १ मध्ये, म्हणजे लहान वयात इन्सुलिन सुरू झालेल्या मुलामुलींत, निदानापासून पाच वर्षांच्या आत. आणि ज्या मुलीला आधीपासून मधुमेह आहे तिने गर्भधारणा ठरवताना किंवा पहिल्या तीन महिन्यांत, कारण त्या काळात पडद्याचा आजार झपाट्याने वाढू शकतो. लग्न ठरताना मुलीचं इन्सुलिन लपवणारी घरं आपल्याकडे आहेत. अशा घरात ही तपासणी कशी व्हायची, हा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो.

‘दिसेनासं झालं की जाऊ’ ही सवय आपल्याला कुठून लागली? मला वाटतं, मोतीबिंदूतून. भारत सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि पुढची कित्येक वर्षं त्याचा सगळा जोर मोतीबिंदूवर राहिला. तो बरोबरही होता, कारण तेव्हा बहुतेक अंधत्व मोतीबिंदूचं होतं. शाळेच्या आवारात, धर्मशाळेत, पुढे सरकारी रुग्णालयांत शिबिरं झाली. आंधळे होऊन आलेले आजी-आजोबा पट्टी सुटल्यावर नातवंडांचे चेहरे ओळखू लागले. महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांच्या नावाशी हे काम घरोघरी जोडलं गेलं. या मोठ्या कामाने लोकांना डोळ्याच्या डॉक्टरांवर विश्वास ठेवायला शिकवलं, आणि त्याचबरोबर एक समजही मनात पक्का केला: डोळ्याचा आजार आपल्यासाठी थांबतो, पिकू द्यायचा, दिसेनासं झालं की ऑपरेशन करायचं, गेलेलं परत मिळतं. मोतीबिंदूत हे बहुतांशी खरं आहे, कारण तिथे बिघडलेलं भिंग काढून नवं बसवता येतं. पडदा बदलता येत नाही. तिथे मेलेली पेशी परत येत नाही.

दोन्ही आजार एकाच डोळ्यात असतात तेव्हा तर या समजाने दुहेरी नुकसान होतं. मधुमेही माणसाला मोतीबिंदू लवकर होतो. घरचे म्हणतात, मोतीबिंदूमुळेच कमी दिसतंय, पिकला की काढू. दोन वर्षं जातात. ऑपरेशन होतं, नवं भिंग स्वच्छ बसतं, आणि तरी दिसत नाही, कारण मागे पडद्याला सूज आहे किंवा तो ओढला गेला आहे. मग गावभर होतं की ऑपरेशन बिघडलं. ऑपरेशनाआधी पडदा पाहणं, मोतीबिंदू इतका गच्च असेल की आतलं दिसतच नाही तर सोनोग्राफी करून पाहणं, आणि सूज असेल तर तिचा आधी किंवा बरोबरीने उपचार करणं, हे सगळं मधुमेह्याच्या बाबतीत व्हायलाच हवं. घरच्यांनी ऑपरेशनाच्या तारखेआधी एवढं एकच विचारावं: ‘पडदा बघितला का?’

आता दुसरं वाक्य: शुगर उतरवली की डोळे आपोआप वाचतात. हे म्हणणाऱ्यांच्या बाजूने पुरावा भक्कम आहे आणि तो मी लपवणार नाही. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातला अभ्यास प्रसिद्ध झाला. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांत काटेकोर उपचाराने पडद्याचा आजार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला आणि आधीपासून असलेला आजार वाढण्याचा ५४ टक्क्यांनी. जगातल्या कुठल्याही डोळ्याच्या डॉक्टरच्या हातात इतका प्रभावी उपाय नाही. जो माणूस आहार सांभाळून, चालून, वजन उतरवून शुगर खाली आणतो तो स्वतःच्या डोळ्यांसाठी फार मोठं काम करतो.

पण त्याच अभ्यासाचं दुसरं पान कुणी वाचून दाखवत नाही. काटेकोर उपचार सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात काही जणांचा पडदा सुधारण्याऐवजी बिघडला. काटेकोर गटात हे प्रमाण १३.१ टक्के होतं, नेहमीच्या उपचाराच्या गटात ७.६ टक्के. पुढे काटेकोर गटच फायद्यात राहिला, म्हणून शुगर उतरवायला घाबरायचं कारण नाही. मात्र वर्षानुवर्षं वाढलेली शुगर तीन महिन्यांत झपकन खाली आणणाऱ्या माणसाने आपला पडदा त्या आधी आणि त्या दरम्यान दाखवायलाच हवा. शुगर उतरवण्यासाठी आठवड्याला एकदा घ्यायच्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनांवर २०१६ साली जो अभ्यास आला त्यातही पडद्याच्या गुंतागुंती औषध घेणाऱ्यांत ३ टक्के आणि न घेणाऱ्यांत १.८ टक्के निघाल्या. ज्यांच्या पडद्यावर आधीच आजार होता आणि शुगर वेगाने उतरली त्यांच्यातच त्या मुख्यतः दिसल्या. अशी इंजेक्शनं आता पुण्या-मुंबईत सहज लिहून दिली जातात. लिहून देणाऱ्याने पडद्याचा रिपोर्ट मागितला होता का, हे किती जण सांगू शकतील?

मधुमेहमुक्तीबद्दलही असंच. ती भाकडकथा नाही. २०१७ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात वजन उतरवण्याच्या कार्यक्रमानंतर ४६ टक्के लोकांची शुगर वर्षभरात औषधाविना आटोक्यात आली. दुसऱ्या वर्षाअखेर हा आकडा ३६ टक्क्यांवर आला. सभेत पहिला आकडा सांगितला जातो. मधुमेहतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ साली मुक्तीची व्याख्या ठरवली तेव्हाच लिहून ठेवलं की अशा माणसाने पडदा, मूत्रपिंड आणि पाय यांची तपासणी चालू ठेवावी. पाऊस थांबला तरी ओल आलेली भिंत त्याच दिवशी वाळत नाही, आणि आत पोपडे धरले असतील तर ते पावसाअभावी जागेवर चिकटत नाहीत. १९९३च्या अभ्यासातल्या अमेरिका-कॅनडातल्या रुग्णांना तो अभ्यास संपल्यावर कित्येक वर्षं पाहत राहिले. दोन्ही गटांची शुगर पुढे सारखीच झाली, तरी ज्यांची आधीची वर्षं वाईट गेली होती त्यांचे पडदे जास्त बिघडत राहिले. एचबीए१सीची रक्ततपासणी गेल्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते. पडद्यावर मात्र गेल्या पंधरा वर्षांचा हिशेब असतो.

शिवाय पडद्याचा वैरी एकटी शुगर नाही. ब्रिटनच्या त्याच मोठ्या अभ्यासात रक्तदाब नीट आटोक्यात ठेवलेल्या गटात पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झालं, आणि नजर ठळकपणे कमी होण्याचं ४७ टक्क्यांनी. मूत्रपिंड बिघडलं, रक्त कमी झालं, तरी पडदा बिघडतो. ‘माझी शुगर तर कंट्रोलमध्ये आहे’ असं सांगणाऱ्याचं बीपी १६०च्या वर असतं आणि त्याची गोळी ‘सवय लागेल’ म्हणून बंद केलेली असते. त्यावर डोळ्यात मध घालणं, गुलाबजल घालणं, त्राटक करणं हे उपाय सुचवले जातात. बाहेरून घातलेला थेंब पडद्यावरचा हा आजार बरा करत नाही. निर्जंतुक नसलेला मध डोळ्याच्या पुढच्या काचेला जखम किंवा जंतुसंसर्ग करू शकतो, एवढंच. आणि ज्याच्या पडद्यावर कच्च्या वाहिन्या उगवल्या आहेत त्याने जड वजन उचलणं किंवा शीर्षासन करणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. पण आपल्या पडद्यावर त्या आहेत की नाहीत हे तपासल्याविना त्याला कळणार कसं?

तिसरा आक्षेप लेझरवरचा आणि तो सगळ्यांत जुना. ‘आमच्या काकांनी लेझर केलं आणि डोळा गेला.’ असे काका खरोखर असतात. ते रक्तस्राव झाल्यावर, पडदा ओढला जाऊ लागल्यावर आलेले असतात. लेझर झालं, आजार पुढे गेला, आणि दोष शेवटच्या उपचाराला लागला. लेझरने काय होतं आणि काय होत नाही, हे त्यांना नीट सांगितलेलं नसतं, ही डॉक्टरांची चूक मी मान्य करतो. लेझर नजर वाढवत नाही. ते पडद्याच्या कडेचा, रक्ताविना उपाशी राहिलेला भाग जाळून टाकतं, म्हणजे तो भाग नव्या वाहिन्या मागायचं थांबवतो आणि मधला भाग वाचतो. त्याच्या बदल्यात रात्रीचं दिसणं आणि बाजूचं दिसणं थोडं कमी होतं. हे आधीच सांगितलं तर माणूस समजून घेतो. नंतर कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं.

या उपचाराची सुरुवात सूर्यग्रहणातून झाली, हे सांगावंसं वाटतं. ९ जुलै १९४५ रोजी युरोपात ग्रहण होतं. ते उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या पडद्यावर भाजल्याचा व्रण पडला. हाम्बुर्गमध्ये गेरहार्ड मायर-श्विकरॅट या नेत्रतज्ज्ञाने तो पाहिला आणि त्याच्या मनात आलं की प्रकाशाने इतका नेमका व्रण होत असेल तर तो आपल्याला हवा तिथे करता येईल. आधी सूर्यप्रकाश, मग झेनॉनचा दिवा, मग लेझर. प्रकाशाने डोळा भाजतो हे नाकारून ही विद्या पुढे गेलेली नाही. किती भाजायचं, कुठे, आणि कुठे अजिबात नाही, हे शिकत ती पुढे गेली. म्हणूनच ते काम त्यातल्या तज्ज्ञाकडूनच करून घ्यायचं.

इंजेक्शनांबद्दलचा आक्षेप मात्र वेगळा आहे आणि त्यात दम आहे. पडद्याच्या मध्यभागी सूज आली की डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. एकाने भागत नाही. मोठ्या अभ्यासांत पहिल्या वर्षात नऊ-दहा लागली. एकेका इंजेक्शनाचा खर्च काही औषधांच्या बाबतीत मध्यमवर्गालाही पेलत नाही, मग शेतमजुराचं काय? ‘हा धंदा आहे’ असं म्हणणाऱ्यावर मी चिडत नाही. त्याने बिल पाहिलेलं असतं.

त्याला उत्तर आहे, पण ते ‘तज्ज्ञाकडे जाऊ नका’ हे नाही. बेव्हासिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कॅन्सरचं औषध. २००५ साली मायामीत फिलिप रोझेनफेल्ड यांनी ते पहिल्यांदा डोळ्यात वापरलं. एका कुपीतून निर्जंतुक पद्धतीने अनेक डोळ्यांचे डोस काढता येतात, त्यामुळे ते इतरांच्या मानाने फार स्वस्त पडतं. २०१५ साली अमेरिकेत हे आणि आणखी दोन, अशी तीन औषधं समोरासमोर ठेवून तपासली गेली. ज्यांची नजर थोडीच कमी झाली होती त्यांच्यात तिन्हींचा गुण सारखा आला. जास्त कमी झाली होती त्यांच्यात पहिल्या वर्षी महागडं औषध सरस ठरलं. पुढे २०२२ साली अशाच जास्त कमी नजरेच्या रुग्णांत स्वस्त औषधाने सुरुवात करून गरज पडली तरच महागड्याकडे जायचं, असं करून पाहिलं, आणि दोन वर्षांनंतर नजरेत फरक आढळला नाही. भारतात २०१५ पासून त्या तिघांतल्याच रॅनिबिझुमॅबचं देशी रूपही मिळतं. तेव्हा खर्चाचा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारावा: ‘स्वस्त औषधाने सुरू करता येईल का? नसेल तर का नाही?’ चांगला तज्ज्ञ या प्रश्नाने दुखावत नाही.

आणि तज्ज्ञ नेहमी सुई काढून बसलेला असतो हेही खरं नाही. २०१९ सालच्या एका अभ्यासात, सूज आहे पण नजर अजून चांगली आहे अशा डोळ्यांत लगेच इंजेक्शन देणं आणि नुसतं लक्ष ठेवून नजर घसरली तरच देणं, यांत दोन वर्षांनी फरक निघाला नाही. म्हणजे ‘आत्ता काही करायचं नाही, चार महिन्यांनी या’ हाही उपचारच आहे, पण तो सांगायला पडदा वाचता यावा लागतो. कच्च्या वाहिन्या आल्यावर लेझर की इंजेक्शन, हाही असाच निर्णय. इंजेक्शनाने पडद्याची कड वाचते, रात्रीचं दिसणं टिकतं. पण फक्त इंजेक्शनावर असलेला माणूस मध्येच यायचा थांबला तर त्याचा डोळा लेझर झालेल्या माणसापेक्षा वाईट अवस्थेत सापडतो. सुगीत, ऊसतोडीच्या हंगामात, बदलीच्या नोकरीत ज्याला दर महिन्याला येणं जमणार नाही त्याला लेझरच योग्य, हे ओळखायला रुग्णाचा पडदा आणि त्याचं जगणं दोन्ही समजावं लागतं.

शेवटचा आक्षेप तज्ज्ञांच्या तुटवड्याचा. पडद्याचे डॉक्टर मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत. मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या मधुमेह्याला ‘दरवर्षी रेटिना स्पेशालिस्टला दाखवा’ म्हणणं ही चेष्टाच होईल. भारतात २०२१ साली सुमारे १०.१ कोटी मधुमेही होते. गोव्यात तर प्रमाण २६.४ टक्के, देशात सगळ्यांत जास्त. एवढ्या लोकांना पुरतील इतके तज्ज्ञ आपल्याकडे नाहीत.

पण एवढ्या सगळ्यांना तज्ज्ञ लागतच नाहीत. भारतातल्या १० राज्यांत आणि एका केंद्रशासित प्रदेशात ४० वर्षांपुढच्या मधुमेह्यांची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०२२ साली आला: पडद्याचा आजार १२.५ टक्के लोकांत, नजर जाण्याइतका गंभीर आजार ४ टक्के लोकांत. शंभरातल्या या चौघांना तज्ज्ञ हवा आणि तो लवकर हवा. बाकीच्या ९६ जणांना हवा आहे पडद्याचा फोटो, जो तासाभराच्या रांगेत कुणी प्रशिक्षित तंत्रज्ञ काढू शकतो आणि कुणी दूर बसून वाचू शकतो. फोटो वाचायला आता संगणकही मदत करतो. २०१६ साली अशी जी पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली तिच्यात अमेरिकेबरोबर मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे फोटो होते. तंत्र आपल्याच रुग्णांवर शिकलेलं आहे. ते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत का दिसत नाही, हा रागाने विचारायचा प्रश्न आहे, आणि तो डोळ्याच्या डॉक्टरांना विचारून भागणार नाही.

इंग्लंडने २००३ साली १२ वर्षांपुढच्या प्रत्येक मधुमेह्याच्या पडद्याचा फोटो काढायला सुरुवात केली. २००९-१० पर्यंत इंग्लंड आणि वेल्समध्ये कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेह पहिल्या क्रमांकावरून खाली उतरला. निदान पाच दशकांत हे पहिल्यांदाच घडलं. त्या काळात तिथे मधुमेह कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. कॅमेरा, यादी, पत्र, आणि ज्याचा फोटो वाईट निघेल त्याला ठरावीक आठवड्यांच्या आत तज्ज्ञापर्यंत नेणं, एवढ्यावर हे झालं. आपल्याकडे २०१५ ते २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, आपल्याला मधुमेह आहे हे माहीत असलेल्या दर दहापैकी नऊ जणांनी पडदा कधीही तपासून घेतलेला नव्हता. हे नऊ जण डॉक्टरकडे जातच नव्हते असं मला वाटत नाही. गोळ्या लिहून घ्यायला ते जात असणार. फिजिशियनच्या चिठ्ठीवर सगळ्यांत खाली ‘डोळे दाखवा’ असं घाईत लिहिलेलं असतं. उपाशीपोटी शुगरचा रिपोर्ट नसेल तर तेच डॉक्टर औषध बदलत नाहीत. पडद्याच्या रिपोर्टाशिवाय वर्षाचं पान उलटायचं नाही, असं त्यांनी ठरवलं तर निम्मं काम तिथेच होईल.

मोबाइलवर फिरणाऱ्या या युक्तिवादाचा सगळ्यांत वाईट परिणाम एक डोळा गमावलेल्या माणसावर होतो. पहिल्या डोळ्यात रक्तस्राव झाला, उपचार उशिरा झाला, नजर गेली. मग तो म्हणतो, ‘एक गेला तो गेला, आता दुसऱ्याला कुणाला हात लावू देणार नाही.’ हृदयासाठीची अॅस्पिरिनही तो भीतीने बंद करतो, जरी अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात अॅस्पिरिनने डोळ्यातला रक्तस्राव वाढलेला आढळला नाही. घरचे त्याचं ऐकतात. मधुमेहाचा पडद्याचा आजार मात्र बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांत असतो, थोडा मागेपुढे.

अमेरिकेत सत्तरच्या दशकात १,७००हून अधिक रुग्णांवर लेझरची जी चाचणी झाली, तिची रचना या माणसाला सांगायला हवी. प्रत्येक रुग्णाच्या एका डोळ्यावर लेझर केलं आणि दुसऱ्यावर केलं नाही. कुठला डोळा हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे नशिबावर सोपवलं. माणूस एकच, शुगर एकच, बीपी एकच, जेवणही एकच. दोन वर्षांनी लेझर न केलेल्या डोळ्यांत नजर जवळजवळ पूर्ण जाण्याचं प्रमाण १६.३ टक्के निघालं आणि लेझर केलेल्या डोळ्यांत ६.४ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की १९७६ साली चाचणी चालू असतानाच नियम बदलले गेले, आणि तोवर मुद्दाम सोडलेल्या दुसऱ्या डोळ्यांपैकी ज्यांना जास्त धोका होता त्यांच्यावरही लेझर करायची परवानगी दिली गेली.